पुढच्या पॅनेलच्या वायरी: रंग नको, काम पाहा

ब्रँडेड कॉम्प्युटर नव्या कॅबिनेटमध्ये हलवताना मदरबोर्ड बसतो, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बसतो, डिस्क बसतात, स्क्रू आवळून होतात. काम अडतं ते शेवटच्या चार-पाच बारीक वायरींपाशी. नव्या कॅबिनेटच्या पुढच्या बाजूने सुटे कनेक्टर येतात आणि त्यांच्यावर पॉवर स्विच, रीसेट स्विच, पॉवर एलईडी, हार्ड डिस्क एलईडी अशी नावं छापलेली असतात. मदरबोर्डवर मात्र पिनांचा एक मुका ठोकळा असतो. जुन्या कॅबिनेटमधून एकच अखंड कनेक्टर येऊन त्यावर बसायचा आणि कंपनीला कुठे काय लिहायची गरजच वाटली नव्हती.

अशा वेळी बहुतेक जण रंग जुळवू लागतात. लाल जिथे होती तिथे लाल, काळी जिथे होती तिथे काळी. इथे जरा थांबायला हवं. पुढच्या पॅनेलच्या वायरींच्या रंगांचं कुठलंही मानक नाही. कॅबिनेट बनवणारा हाताशी असेल ती वायर वापरतो, आणि पांढरी किंवा काळी वायर ऋण बाजूची हा संकेतही सगळे पाळत नाहीत. वायरीची खरी ओळख तिच्या कामात असते, आणि ते काम साध्या मल्टीमीटरने (व्होल्ट, रोध वगैरे मोजणाऱ्या उपकरणाने) शोधून काढता येतं. त्यासाठी बटण दाबल्यावर आत काय घडतं ते आधी पाहू.

कॉम्प्युटरचं पॉवरचं बटण दारावरच्या बेलच्या बटणासारखं असतं: दाबलं की दोन टोकं जुळतात, सोडलं की सुटतात. ते स्वतः कुठलाही मोठा प्रवाह चालू-बंद करत नाही. पूर्वी तसं नव्हतं. जुन्या एटी पद्धतीच्या कॉम्प्युटरमध्ये पुढच्या बटणापर्यंत थेट घरातल्या विजेच्या जाड वायरी येत आणि बटण खटकन दाबून बसवावं लागे. १९९५ साली इंटेलने एटीएक्स रचना आणली आणि ही धोक्याची वायर पुढच्या पॅनेलवरून गेली.

एटीएक्समध्ये भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत एसएमपीएस कधीच पूर्ण झोपत नाही. जांभळ्या वायरीवरून तो ५ व्होल्टचा राखीव पुरवठा बोर्डाला देत राहतो. या तुटपुंज्या विजेवर बोर्डाचा एक छोटा भाग जागा असतो आणि बटणाच्या पिनेवर लक्ष ठेवतो. ती पिन एका रोधाच्या (प्रवाह अडवणाऱ्या रेझिस्टरच्या) आधाराने ३.३ किंवा ५ व्होल्टवर धरलेली असते. बटण दाबलं की ती ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या बाजूला, टेकते, तिचा विद्युतदाब शून्यावर येतो आणि बोर्डाला निरोप पोचतो. मग बोर्ड २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर ग्राउंडला खेचतो आणि एसएमपीएसचे मुख्य पुरवठे सुरू होतात. ते स्थिर झाले की १०० ते ५०० मिलिसेकंदांत करड्या वायरीवरून ‘सगळं ठीक’ असा इशारा येतो. तोवर प्रोसेसर रीसेटमध्ये अडकवून ठेवलेला असतो. इशारा आला की त्याला सोडलं जातं.

या साखळीतला एक बारकावा मला फार आवडतो. बटणातले धातूचे पत्रे एकदाच टेकत नाहीत. काही मिलिसेकंद ते थरथरतात, टेकतात, सुटतात, पुन्हा टेकतात. बोर्डाने प्रत्येक टेकणं मोजलं तर एका दाबण्यात कॉम्प्युटर अनेकदा चालू-बंद होईल. म्हणून इंटेलच्या चिपसेटमध्ये (बोर्डाचा कारभार पाहणाऱ्या चिपमध्ये) या पिनेसाठी १६ मिलिसेकंदांची गाळणी असते. तेवढा वेळ संकेत स्थिर राहिला तरच तो खरा मानला जातो. आणि बटण चार सेकंदांहून जास्त दाबून धरलं, तर ऑपरेटिंग सिस्टिम गोठलेली असली तरी मशीन सक्तीने बंद होतं, कारण हा हिशेब सॉफ्टवेअरवर सोडलेलाच नाही.

एवढं कळलं की बरीच कोडी सुटतात. पॉवर आणि रीसेट या दोन्ही स्विचना दिशा नसते, वायरी उलट लावल्या तरी काम तेच. वीज लावताच मशीन आपोआप सुरू होऊन चार-पाच सेकंदांत बंद पडत असेल, तर पॉवरच्या दोन पिना कायमच्या जुळल्या आहेत का ते आधी पाहावं. नव्या कॅबिनेटचं बटण खाचेत अडकून दाबलेलंच राहिलं, तरी असं होतं. पंखे फिरतात पण पडद्यावर काहीच उमटत नसेल, तर रीसेटचा कनेक्टर काढून पाहावा. रीसेटची पिन ग्राउंडला चिकटून राहिली असेल तर प्रोसेसरला कामाला लागण्याची परवानगीच मिळत नाही. मदरबोर्ड मेला अशी समजूत करून घेण्याआधी ही तपासणी करायलाच हवी.

दिव्यांचं गणित निराळं. एलईडी हा डायोड आहे, त्यात प्रवाह एकाच दिशेने जातो. लाल-हिरव्या दिव्याला सुमारे २ व्होल्ट लागतात, निळ्या-पांढऱ्याला सुमारे ३. प्रवाहाला आवर घालणारा रोध बोर्डावरच असतो, म्हणून दिवा उलटा लावला तरी नुकसान होत नाही. तो फक्त लागत नाही, आणि कनेक्टर फिरवून बसवला की लागतो. डिस्कच्या दिव्याची धन बाजू कायम रोधामार्गे पुरवठ्याला जोडलेली असते. डिस्क काम करते तेव्हा ऋण बाजू ग्राउंडला खेचली जाते आणि दिवा लुकलुकतो. काही बोर्डांवर पॉवर एलईडी दोन रंगांचा असतो. कॉम्प्युटर स्लीपमध्ये गेला की बोर्ड त्याच दोन पिनांवरची दिशा उलटवतो आणि दुसरा रंग उजळतो.

सुट्या मिळणाऱ्या मदरबोर्डांवर या पिनांची एक मांडणी बरीच रुळली आहे. पाच-पाच पिनांच्या दोन रांगा, त्यातली दहावी पिन गाळलेली. विषम रांगेत १ आणि ३ डिस्कच्या दिव्याच्या, ५ आणि ७ रीसेटच्या. सम रांगेत २ आणि ४ पॉवरच्या दिव्याच्या, ६ आणि ८ पॉवर बटणाच्या. नववी पिन एकटीच उरते, तिच्यावर कधी ५ व्होल्टही असतात आणि तिला काही जोडायचं नसतं. गाळलेली पिन हीच खूण, ती सापडली की बाकीच्या मोजता येतात. ब्रँडेड बोर्डावर नऊ पिनांचा ठोकळा दिसला तर ही मांडणी असण्याची शक्यता आहे, पण शक्यता म्हणजे खात्री नव्हे. दहा, अकरा, चौदा पिनांचे, स्वतःच्याच क्रमाचे ठोकळेही याच बोर्डांवर भेटतात.

तिथे जुनं कॅबिनेट कामी येतं, आणि म्हणूनच ते घाईने टाकून देऊ नये. त्याच्या पुढच्या पॅनेलचा कनेक्टर बोर्डावर कोणत्या बाजूने बसला होता याचा जवळून फोटो काढावा आणि मगच तो सोडवावा. आता तो कनेक्टर मोकळा आहे, त्याचा बोर्डाशी संबंध नाही. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली असली की बीप देणाऱ्या खुणेवर) ठेवून कनेक्टरच्या दोन-दोन छिद्रांना टोकं लावत जायचं आणि दर वेळी जुनं बटण दाबायचं. ज्या जोडीवर बटण दाबल्यावरच बीप वाजतो आणि सोडल्यावर थांबतो, ती पॉवरची जोडी. मल्टीमीटरची टोकं त्या छिद्रांत शिरत नाहीत, म्हणून टाचणी किंवा एखाद्या रोधाचा पाय आत घालून त्यावर टेकवावं. एक कागद घेऊन ठोकळ्याचं चित्र काढावं आणि सापडलेली प्रत्येक जोडी लगेच त्यावर लिहावी. आठवणीवर अजिबात भरवसा ठेवू नये, कारण कनेक्टर पालथा करून पाहिला की डावं-उजवं उलटतं आणि सगळा नकाशा आरशातला होतो.

दिव्यांसाठी मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर न्यायचा. लाल टोक धन बाजूला आणि काळं ऋण बाजूला लागलं की पॅनेलवरचा दिवा मंद पेटतो. निळा किंवा पांढरा दिवा कधीकधी पेटत नाही, कारण काही मल्टीमीटर तेवढा दाब देत नाहीत. जुन्या पॅनेलमध्ये बटणामागे छोटं सर्किट कार्ड असेल तर बीप येईलच असं नाही. अशा वेळी रोध मोजण्याच्या खुणेवर ठेवून, बटण दाबताच आकडा कुठे झपकन बदलतो ते पाहावं.

याच तपासणीत एखादी अशी जोडी सापडते जिच्यावर बटण न दाबताही सतत बीप वाजतो. ती दोनपैकी एक गोष्ट असते. एक तर दोन ग्राउंड वायरी पॅनेलमध्ये एकत्र आलेल्या असतात, नाहीतर ती हजेरीची पिन असते. काही ब्रँडेड बोर्ड सुरू होताना पुढची केबल लागली आहे का हे तपासतात. केबलमध्ये ती पिन ग्राउंडला जोडलेली असते आणि त्यावरून बोर्डाला हजेरी कळते. नव्या कॅबिनेटच्या सुट्या वायरींत ही जोडणी नसते. म्हणून कॉम्प्युटर चालू होतो, पण दर वेळी पुढची केबल नाही अशी तक्रार दाखवून एखादी कळ दाबायला लावतो.

बोर्डाच्या बाजूने पडताळणीही करावी. विजेची वायर भिंतीतून काढून, बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज संपवावी. मग मल्टीमीटरचं एक टोक बोर्डाच्या स्क्रूच्या भोकाभोवतीच्या धातूच्या कड्यावर ठेवून दुसरं एकेका पिनेला लावावं. बीप वाजला ती ग्राउंड. नंतर व्होल्ट मोजण्याच्या खुणेवर जाऊन, वीज लावून, कॉम्प्युटर बंदच ठेवून उरलेल्या पिना मोजाव्यात. पॉवर बटणाची पिन ३.३ किंवा ५ व्होल्टच्या आसपास दिसते. मात्र तेवढेच व्होल्ट थेट पुरवठ्याच्या पिनेवरही दिसू शकतात आणि खरा धोका तिथेच आहे. स्क्रूड्रायव्हरने पॉवरच्या पिना क्षणभर जुळवून कॉम्प्युटर सुरू करण्याची रीत सगळ्यांना माहीत आहे. पिना बरोबर असतील तर ती सुरक्षितही आहे, कारण रोधामुळे प्रवाह अगदी क्षीण असतो. पण थेट पुरवठ्याची पिन ग्राउंडला टेकवली तर आवरायला काहीच नसतं आणि बोर्डावरची बारीक तांब्याची वाट जळू शकते.

म्हणून अनोळखी बोर्डावर स्क्रूड्रायव्हरऐवजी १,००० ओहमचा रोध वापरावा, असं माझं ठाम मत आहे. संशयित पिन आणि ग्राउंड या रोधाने क्षणभर जोडायची. ती बटणाची पिन असेल तर तिचा दाब बहुतेक वेळा पुरेसा खाली येतो आणि कॉम्प्युटर सुरू होतो. ती ५ व्होल्टच्या पुरवठ्याची निघाली तर रोधातून फक्त ५ मिलिॲम्पिअर जातात आणि काही बिघडत नाही.

नकाशा तयार झाला की जोडणं सोपं. एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला छिद्र असलेल्या एकेरी जंपर वायरींनी नव्या कॅबिनेटचा प्रत्येक कनेक्टर हव्या त्या पिनेपर्यंत नेता येतो. पिनांमधलं नेहमीचं अंतर २.५४ मिलिमीटर असतं. काही ब्रँडेड बोर्डांवर ते २ मिलिमीटर असू शकतं आणि तिथे नेहमीच्या वायरी शेजारी-शेजारी बसत नाहीत, त्या मापाच्याच घ्याव्या लागतात. पॉवर एलईडीचा कनेक्टर कधी तीन छिद्रांचा असतो, मधलं रिकामं. टोकदार वस्तूने प्लॅस्टिकची इवलीशी जीभ उचलली की धातूचं टोक बाहेर सरकतं आणि शेजारच्या घरात बसवता येतं. हजेरीची जोडी सापडली असेल तर तीही एका छोट्या वायरीने जुळवून टाकावी.

पुढच्या यूएसबी आणि ऑडिओच्या कनेक्टरांना सहसा एवढी कसरत लागत नाही. दोन्ही दिसायला सारखेच, पण यूएसबी २ मध्ये नववी पिन गाळलेली असते आणि ऑडिओमध्ये आठवी, त्यामुळे चुकीच्या जागी ते बसतच नाहीत. यूएसबी ३ चा १९ पिनांचा जाड कनेक्टर सरळ दाबावा. तिरका दाबला तर पिना वाकतात आणि पुन्हा सरळ करताना तुटतात. ब्रँडेड बोर्डावर यूएसबीचा ठोकळा वेगळ्या आकाराचा असेल, तर ५ व्होल्टची पिन मोजून नक्की केल्याशिवाय काही जोडू नये. ते ५ व्होल्ट माहितीच्या वायरीवर गेले, तर पहिला लावलेला पेन ड्राइव्ह खराब होऊ शकतो.

आणि मोजूनही जोड्या पटत नसतील, पॅनेलच्या कार्डावर बटणाबरोबर आणखी काही चिप दिसत असतील, तर एक वाट उरते. जुन्या कॅबिनेटमधलं बटणाचं कार्ड केबलसकट सोडवून नव्या कॅबिनेटच्या आत पक्कं बसवायचं आणि नव्या बटणाच्या दोन वायरी त्या कार्डावरच्या जुन्या बटणाच्या दोन पायांना डाग देऊन जोडायच्या. बोर्डाला जुनंच पॅनेल समोर दिसतं, त्यामुळे हजेरीची तक्रार येत नाही, आणि बिघाड सांगण्यासाठी कंपनीने दिलेले दिव्यांचे इशारेही टिकून राहतात.