ईमेलच्या आकारमर्यादेविषयी ग्राहकांसाठी माहिती

आमच्या मेल सर्व्हरवर ज्या कार्यालयांची खाती आहेत, त्यांना पाठवायच्या ईमेलची कमाल आकारमर्यादा प्रत्येक खात्यासाठी वेगळी ठरवून घेता येते. बिले आणि पावत्या पाठवणाऱ्या हिशेब विभागाला १० एमबी सहसा पुरतात, पण बांधकामाचे नकाशे पाठवणाऱ्यांचे तेवढ्यात भागत नाही. तरीही सर्वांना सरसकट मोठी मर्यादा द्यावी असे आम्ही सुचवत नाही, कारण एक जड ईमेल कार्यालयातल्या दहा जणांना गेला की दहा मेलबॉक्समधली जागा व्यापतो.

फाइलचा आकार आणि ईमेलचा आकार एकच नसतो, हे मर्यादा ठरवण्यापूर्वी कृपया लक्षात घ्यावे. अटॅचमेंट पाठवताना तिचे बेस६४ पद्धतीने साध्या अक्षरांत रूपांतर होते. त्यात दर तीन बाइटांची चार अक्षरे होतात, शिवाय प्रत्येक ओळीच्या शेवटच्या खुणांची भर पडते, आणि आकार सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो. म्हणून १० एमबीच्या मर्यादेत सुमारे ७ एमबीचीच फाइल जाते, आणि २० एमबीची फाइल २५ एमबीच्या मर्यादेत बसत नाही.

आम्ही वापरत असलेल्या पोस्टफिक्स या प्रणालीत ईमेलची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट असून ती सर्व खात्यांना सारखीच लागू होते. त्यामुळे सर्व्हरची मर्यादा आम्ही सर्वांत मोठ्या गरजेइतकी ठेवतो आणि प्रत्येक खात्याची मर्यादा स्वतंत्र तपासणीतून लावतो. ही तपासणी लॉगिननुसार होते, कारण ‘प्रेषक’ म्हणून लिहिलेला पत्ता बदलता येतो. पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने आकार आधी कळवला असेल तर मोठा ईमेल सुरुवातीलाच अडवला जातो. मात्र काही प्रोग्रॅम तो कळवत नाहीत, म्हणून संपूर्ण ईमेल आल्यावर प्रत्यक्ष आकार पुन्हा पाहिला जातो.

ज्याला ईमेल पाठवायचा त्याच्या सर्व्हरची मर्यादा मात्र आमच्या हातात नसते. पाठवताक्षणीच ५५२ क्रमांकाची सूचना दिसली तर ईमेल आमच्याकडे अडला आहे. आधी ‘पाठवला’ असे दिसून नंतर तोच क्रमांक असलेला ईमेल परत आला, तर तो बहुधा समोरच्या सर्व्हरने नाकारलेला असतो आणि तेव्हा आपली मर्यादा वाढवून उपयोग होत नाही. अशा वेळी फाइलची लिंक पाठवावी.

मर्यादा बदलण्यासाठी आपल्या कार्यालयाच्या खाते-व्यवस्थापकाने संबंधित खात्यांची नावे आणि नेहमी पाठवल्या जाणाऱ्या सर्वांत मोठ्या फाइलचा आकार लेखी कळवावा. रूपांतरामुळे होणारी वाढ आम्ही त्यात मिळवून घेऊ.