गरोदरपणातलं डिप्रेशन

दिवस गेल्यापासून डिलिव्हरीपर्यंतच्या काळात बाईला जे डिप्रेशन येतं त्याला गरोदरपणातलं डिप्रेशन म्हणतात, मराठीत गर्भावस्थेतील नैराश्य असंही लिहितात पण नाशिकच्या कुठल्याही ओपीडीबाहेरच्या बाकावर हा शब्द ऐकू येणार नाही. तिथे "मन लागत नाही", "जीव घाबरतो", "नुसतं रडू येतं", "काही गोड लागत नाही" एवढंच ऐकू येतं, आणि आजार ओळखायचा असेल तर हीच वाक्यं कान देऊन ऐकावी लागतात. बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनबद्दल आता थोडंफार बोललं जातं, आधीच्याबद्दल फारच कमी, खरं तर बऱ्याच जणींचं नंतरचं डिप्रेशन पोटात बाळ असतानाच सुरू झालेलं असतं. म्हणूनच २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात दोन्हींसाठी एकच खूण ठेवली, गरोदरपणात किंवा डिलिव्हरीनंतर ४ आठवड्यांत सुरू झालेलं डिप्रेशन.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की जगभरात १० टक्क्यांच्या आसपास गरोदर बायकांना मानसिक आजार असतो, त्यात मुख्य डिप्रेशनच, आणि विकसनशील देशांत हाच आकडा १५.६ टक्के. म्हणजे सिव्हिलच्या तपासणीच्या रांगेत २० जणी बसल्या असतील तर या हिशोबाने त्यातल्या तिघी. बीपी मात्र वीसही जणींचं बघितलं जातं.

ओळखायला अवघड का जातं तर लक्षणं गरोदरपणासारखीच दिसतात. थकवा, झोप उडणं, जेवण नको वाटणं, चिडचिड, हे सगळं नॉर्मल प्रेग्नन्सीतही असतं, मग घरचे म्हणतात डोहाळे आहेत, सासूबाई मीठमोहरीने दृष्ट काढतात, सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांकडे भगताला दाखवतात, आणि शिकलेल्या घरात हार्मोन्स म्हणून विषय संपतो. फरक कुठे बघायचा तर मनात. उदासी किंवा कशातच रस नसणं, यातलं एक तरी २ आठवडे जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ आहे का, आणि सोबत मी कुचकामी आहे, माझंच चुकलं, मला हे बाळ झेपणार नाही, मरून गेले तर बरं असले विचार येतात का. उलट्यांनी हैराण झालेली बाई डोहाळेजेवणात हिरवी साडी नेसून, फुलांची वाडी घालून थोडी तरी खुलते, डिप्रेशनमधली फोटोपुरती हसते आणि खोलीत जाऊन पडते. अर्थात हसणाऱ्या फोटोवरून कुणीच काही ठरवू नये.

इथे आपल्याकडचा एक खास घोळ सांगायलाच हवा. गर्भसंस्काराच्या नावाखाली बाईला पहिल्या महिन्यापासून एकच सांगतात, आनंदी राहा नाहीतर बाळावर परिणाम होईल. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, श्लोक म्हणण्यात किंवा गाणी ऐकण्यात वाईटही काही नाही, पण जिला आनंद वाटतच नाहीये तिला याचा अर्थ एवढाच लागतो की आपण बाळाचं नुकसान करतोय, मग उदासीच्या वर अपराधीपणा चढतो आणि ती बोलायचीच बंद होते. आनंदी राहा हा उपचार नाही, ताप आलेल्याला थंड राहा म्हणण्यासारखं आहे ते.

आता धोका कुणाला जास्त. सगळ्यात वरचं कारण म्हणजे आधी कधी डिप्रेशन किंवा अँग्झायटी झालेली असणं, आणि त्यातही टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून चालू गोळ्या कुणालाच न विचारता बंद करणं. माहेरी जवळच्या कुणाला हा आजार असेल तरी धोका वाढतो. पण बाकीची कारणं बघितली तर ती बाईच्या डोक्यात कमी आणि घरात जास्त सापडतात: नवऱ्याची साथ नसणं, मारहाण, दारू, पैशाची ओढाताण, नको असताना राहिलेले दिवस, फार लहान वय, आधी झालेला गर्भपात किंवा पोटात दगावलेलं बाळ. मारहाणीबद्दल तर वेगळंच विचारायला हवं आणि तेही सासू-नवऱ्याला बाहेर बसवून, कारण गरोदर आहे म्हणून हात थांबतोच असं नाही, उलट काही घरांत तेव्हाच सुरू होतो.

मुलगा हवा हे प्रेशर या यादीत आपल्याकडे फार वर आहे. लिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा, तरी पहिली मुलगी असलेल्या बाईचे दुसऱ्या वेळचे नऊ महिने कसे जातात ते तिलाच माहीत. मुलगा की मुलगी हे बापाच्या शुक्राणूवर ठरतं पण सप्तशृंगीच्या गडावर नवस बोलला जातो तो तिच्या नावाने, आणि मुलगी झाली तर बोलही तिलाच.

नाशिकमध्ये एकटेपणाचे दोन वेगळे नमुने दिसतात. एक सिडको, अंबड, सातपूर भागातला, नवरा एमआयडीसीत शिफ्टला, गाव जळगाव-धुळ्याकडे, भाड्याच्या दोन खोल्यांत ती दिवसभर एकटी, शेजारणीची ओळख पाणी येण्यापुरती. दुसरा द्राक्षाच्या हंगामातला. सुरगाणा, पेठकडची कुटुंबं कामाला दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात, गरोदर बाईपण येते, तिची नोंद गावच्या उपकेंद्रात, ओळखीची आशाताई तिकडेच राहिलेली, इथे मुक्काम मळ्यावर, आराम म्हणजे हजेरी बुडणार. अशा बाईला उदास वाटतंय का हे विचारणारं वाटेत कुणी भेटतच नाही.

शरीराची कारणंही तपासायची असतात, ती बऱ्याचदा राहून जातात. थायरॉइड कमी असलं किंवा रक्त कमी असलं तरी बाई अशीच मलूल दिसते, आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना ॲनिमिया निघाला होता. त्यामुळे हिमोग्लोबिन आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, बघायचंच. पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे बाईला काही झालंच नाही, असा उलटा निष्कर्षही काढू नये.

तपासायला मशीन लागत नाही. १९८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये तयार झालेली एडिनबरा स्केल नावाची १० प्रश्नांची यादी आहे, मागच्या ७ दिवसांबद्दल विचारते, एकूण ३० गुण. गंमत म्हणजे बनवली बाळंतिणींसाठी पण गरोदरपणातही चालते, कारण त्यात थकवा आणि भूक विचारलेलीच नाही, झोपेचा प्रश्न आहे तो पण दुःखामुळे झोप उडते का असा. साधारण १३ किंवा जास्त गुण आले की पुढची नीट तपासणी करतात, काही ठिकाणी १० पासूनच. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा, त्याचं उत्तर हो असेल तर बाकीची बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी डॉक्टर बघायचा आणि तिला एकटं ठेवायचं नाही. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही समजूत चुकीची आहे.

उपचार न झाल्यास बाळ वेळेआधी होणं, वजन कमी भरणं याचा धोका वाढतो, बाई तपासण्या चुकवते, खात नाही. हे घरच्यांनी समजून घेण्यासाठी लिहिलंय, तिला ऐकवण्यासाठी नाही. हलक्या आणि मध्यम डिप्रेशनला बऱ्याचदा बोलण्याचे उपचार पुरतात, विचार आणि वागणं यावर काम करणारं सीबीटी किंवा नात्यांवर काम करणारी थेरपी. शेजारच्या पाकिस्तानात तर गावातल्या आरोग्यसेविकांना शिकवून हे केलं आणि फरक पडला, २००८ मध्ये ते छापूनही आलं, म्हणजे दरवेळी मोठा डॉक्टरच लागतो असं नाही. जास्त असेल तर गोळ्या लागतात. सर्ट्रालीनसारखी औषधं गरोदरपणात बऱ्यापैकी वापरात आहेत, फिट्स आणि बायपोलरसाठी देतात ते व्हॅल्प्रोएट मात्र बाळाला घातक म्हणून टाळतात, आणि आधी कधी अतिउत्साहाचा, झोपच न लागणारा काळ येऊन गेलाय का हे विचारल्याशिवाय गोळी सुरू करायची नसते कारण तो बायपोलर, म्हणजे मन कधी फार वर कधी फार खाली जाण्याचा आजार, असू शकतो. कुठलीही गोळी मनाने बंद करायची नाही. बाहेर जाणं शक्य नसेल तर सरकारची टेली मानस ही फोनसेवा १४४१६ वर दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलतात. मारहाण असेल तर १८१.

सातव्या-आठव्या महिन्यात बाई माहेरी जाते तिथे एक घोळ नेहमी होतो. डॉक्टर बदलतो, सोनोग्राफीची फाईल जाते पण मनाच्या गोळ्यांची चिठ्ठी लाजेपोटी सासरच्या कपाटातच राहते, मग एक तर गोळ्या बंद पडतात नाहीतर गुपचूप चालू राहतात. ती चिठ्ठी फाईलमध्ये पहिल्या पानाला लावायची आणि बाळाच्या डॉक्टरलाही दाखवायची, कारण अशा गोळ्या चालू असलेल्या आईचं बाळ पहिले काही दिवस थोडं थरथरणारं, किरकिरं असू शकतं, ते सहसा आपोआप शांत होतं पण लक्ष ठेवायला त्यांना आधी माहीत पाहिजे.