‘आठ नंबर’ बोल्टची पार्श्वभूमी

चासीवर बॉडी बांधणारे, ट्रेलर तयार करणारे, जुन्या जीपची पुनर्बांधणी करणारे आणि अलीकडे स्पर्धेसाठी बग्गी बनवणारे विद्यार्थी दुकानात बोल्ट मागताना बहुधा एकच प्रश्न विचारतात: ‘हाय टेन्साइल आहे ना?’ ‘आठ नंबरचा आहे’ असे उत्तर मिळाले की व्यवहार पूर्ण होतो. या उत्तरातला ‘आठ’ निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या काळात आणि निरनिराळ्या वस्तूंसाठी वापरला गेलेला आकडा आहे. त्याच्या दोन अर्थांमध्ये ताणशक्तीचा, म्हणजे तुटेपर्यंत ताण सोसण्याच्या क्षमतेचा, फरक पाव हिश्शाहून अधिक निघतो.

बोल्टच्या आट्यांचा दूरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. इंग्लंडमध्ये १८४१ साली ५५ अंशांच्या आट्यांची पद्धत मांडली गेली, अमेरिकेत १८६४ साली ६० अंशांची, आणि १८९८ साली झुरिकमध्ये युरोपीय देशांनी मेट्रिक आट्यांवर एकमत केले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सुटे भाग एकमेकांना बसत नाहीत याचा पुरेसा मनस्ताप झाल्यावर १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी इंची आट्यांची एक सामायिक पद्धत स्वीकारली.

भारतात मात्र या सगळ्या पद्धती एकाच वेळी नांदल्या. ब्रिटिश घडणीच्या ट्रकांचे बोल्ट इंची होते, मुंबईत जुळवल्या जाणाऱ्या अमेरिकी घडणीच्या जीपचे बोल्टही इंचीच, पण वेगळ्या कोनाचे होते, आणि १९५४ पासून जर्मन सहकार्याने जमशेदपूरला बनू लागलेल्या ट्रकांनी मेट्रिक बोल्ट आणले. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला, तरी गॅरेजमधली ‘सूत’ ही भाषा टिकली ती आजतागायत. एक सूत म्हणजे एक अष्टमांश इंच, म्हणून अर्ध्या इंचाचा बोल्ट ‘चार सुताचा’ आणि पाच सोळांश इंचाचा ‘अडीच सुताचा’. हा अडीच सुताचा बोल्ट ८ मिलिमीटरच्या बोल्टपेक्षा जाडीला अवघा सहा शतांश मिलिमीटरने कमी भरतो. आट्यांमधले अंतर मात्र एकाचे सुमारे १.४१ आणि दुसऱ्याचे १.२५ मिलिमीटर. चाकी (नट) एक-दोन फेरे बोटाने फिरते, मग अडकते, आणि पाना लावून जोर केला की आटे जातात. ब्रिटिश आणि अमेरिकी जाड आट्यांची जोडी याहून फसवी आहे, कारण पाव इंचापासून सात सोळांश इंचापर्यंत दोहोंत दर इंचाला आट्यांची संख्या तीच असते आणि फक्त कोन बदलतो. अशी चाकी शेवटपर्यंत नीट बसल्यासारखी वाटते, पण आट्यांच्या बाजू एकमेकींना पूर्ण टेकत नाहीत. अर्ध्या इंचावर मात्र एकात बारा आणि दुसऱ्यात तेरा आटे असल्यामुळे ही चूक निदान लगेच उघड होते.

आता आकड्याकडे वळू. जुन्या जर्मन पद्धतीत बोल्टच्या डोक्यावर ८जी, १०के, १२के अशी चिन्हे असत आणि त्यांतला पहिला आकडा दर चौरस मिलिमीटरला किती दहा किलोग्रॅम ताण बोल्ट सोसेल हे सांगत असे. पुढे आंतरराष्ट्रीय मानकात याच चिन्हांची जागा ८.८, १०.९ आणि १२.९ यांनी घेतली. टिंबाच्या आधीचा आकडा शंभराने गुणला की मेगापास्कल या ताणाच्या एककातली नाममात्र ताणशक्ती मिळते, आणि टिंबानंतरचा आकडा पोलाद त्या शक्तीच्या किती दशांशावर कायमचे लांबू लागते ते दाखवतो. म्हणजे ८.८ च्या बोल्टची ताणशक्ती ८०० मेगापास्कल आणि कायमचे लांबणे सुरू होते ६४० वर. भारतीय मानक आयएस १३६७ याच पद्धतीवर बेतलेले आहे.

अमेरिकी वाहन अभियंत्यांची श्रेणी यापासून स्वतंत्रपणे वाढली. तिच्यात ‘ग्रेड ५’ आणि ‘ग्रेड ८’ ही केवळ क्रमवार नावे आहेत आणि त्या आकड्यांवरून ताणशक्ती काढता येत नाही. ग्रेड ५ च्या डोक्यावर तीन रेघा असतात आणि एक इंचापर्यंतच्या बोल्टची ताणशक्ती सुमारे ८२७ मेगापास्कल असते. ग्रेड ८ वर सहा रेघा असतात आणि ताणशक्ती सुमारे १०३४ मेगापास्कल. म्हणजे अमेरिकी ‘आठ’ हा मेट्रिक १०.९ चा जोडीदार, आणि मेट्रिक ८.८ हा अमेरिकी ‘पाच’चा. जीपच्या मूळ पुस्तिकेत ग्रेड ८ वाचून बाजारातून ८.८ आणणाऱ्याने प्रत्यक्षात एक पायरी खालचा बोल्ट आणलेला असतो. १२ मिलिमीटरच्या जाड आट्यांच्या बोल्टपुरते पाहिले तर ८.८ चा बोल्ट तुटण्यापूर्वी किमान ६७.४ किलोन्यूटन सोसतो आणि १०.९ चा ८७.७.

गोंधळ इथे संपत नाही. चाकीवर एकेरी आकडा असतो, आणि ८ वर्गाची चाकी ही ८.८ च्या बोल्टसाठी असते. ती १०.९ च्या बोल्टवर चढवली तर बसते, पण मूळ योजना बिघडते. जोर अती झालाच तर आवळतानाच बोल्ट तुटावा आणि तुटलेला दिसावा, चाकीचे आटे नकळत सोलून जाऊ नयेत, अशी ती योजना असते. याशिवाय ‘आठ नंबर’ म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचा बोल्ट असा अर्थ घेणारे आहेतच, आणि त्याच बोल्टला पान्याच्या मापावरून ‘तेराचा बोल्ट’ म्हणणारे मेकॅनिक त्यांच्याहून संख्येने जास्त असावेत. १० मिलिमीटरच्या बोल्टला जुन्या घडणीत १७ चा आणि नव्या मानकात १६ चा पाना लागतो, त्यामुळे पान्यावरून बोल्ट ओळखण्याची रीतही आता पूर्वीइतकी भरवशाची राहिलेली नाही.

या आकड्याच्या इतिहासातला सर्वांत वादग्रस्त निर्णय अमेरिकेत झाला. तिथल्या श्रेणीत ‘८.२’ नावाचा एक उपप्रकार घेण्यात आला. तो कमी कर्बाच्या, बोरॉन मिसळलेल्या पोलादाचा होता आणि मध्यम कर्बाच्या मिश्रपोलादापेक्षा स्वस्तात तयार होत असे. पाणी देऊन टणक केल्यावर ग्रेड ८ चे टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा तापवणे) किमान सुमारे ४२५ अंश सेल्सिअसला करावे लागते, तर ८.२ चे सुमारे ३४० अंशांना चालते. नेहमीच्या तापमानाला ताणून पाहिले तर दोन्ही सारखेच उतरतात. एक्झॉस्टजवळ किंवा अन्य तापणाऱ्या जागी मात्र बोरॉनचा बोल्ट लवकर नरम पडतो आणि त्याची आवळलेली पकड सैल होते. दोन्ही प्रकारांच्या डोक्यावर सहाच रेघा होत्या. फक्त त्यांची मांडणी निराळी होती. १९८० च्या दशकात आयात झालेले असे बोरॉनचे बोल्ट ग्रेड ८ ची खूण मारून मोठ्या प्रमाणावर विकले गेल्याचे उघड झाले आणि १९८८ साली तिथल्या संसदीय उपसमितीने त्यावर अहवाल दिला. ते पोलाद वाईट होते असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. आठच्या शेजारी आठच बसवून त्याला टिंबापुरते वेगळे करणे ही नाव ठेवणाऱ्यांची चूक होती. आंतरराष्ट्रीय मानकानेही अशाच पोलादाच्या १०.९ बोल्टसाठी काही काळ आकड्याखाली एक आडवी रेघ ठेवली होती, आणि ग्रीस पुसल्याशिवाय न दिसणारी ती रेघ नंतरच्या आवृत्तीतून वगळली गेली.

अहवालानंतर १९९० साली अमेरिकेत फास्टनरच्या, म्हणजे बोल्ट-नटसारख्या जोडवस्तूंच्या, गुणवत्तेचा कायदा झाला. त्यात खूण असलेल्या बोल्टच्या प्रत्येक लॉटची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चाचणी करण्याची आणि उत्पादकाने आपले चिन्ह नोंदवण्याची अट होती. अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलली गेली. माल तयार झाल्यावर तपासण्यापेक्षा तो बनतानाच नियंत्रण ठेवणे अधिक परिणामकारक असते, असे वाहन उद्योगाचे म्हणणे होते, आणि १९९९ च्या दुरुस्तीने ते मान्य करून प्रमाणित गुणवत्ता पद्धतीने चालणाऱ्या कारखान्यांच्या मालाला सवलत दिली. हा युक्तिवाद खोटा नव्हता. मोठा कारखाना आपल्या पुरवठादाराच्या दारात जाऊन तपासणी करू शकतो. काउंटरवर दहा बोल्ट घेणाऱ्याला ते शक्य नसते, आणि ज्याच्यासाठी मुळात ओरड झाली होती तो ग्राहक दुरुस्तीनंतर पुन्हा डोक्यावरच्या खुणेच्याच भरवशावर राहिला.

भारतीय मानकानुसार ५ मिलिमीटर आणि त्याहून जाड षट्कोनी बोल्टच्या डोक्यावर वर्गाच्या आकड्यासोबत उत्पादकाचे चिन्हही असावे लागते. आकडा आहे पण चिन्ह नाही, असा बोल्ट मानकात बसत नाही. तरीही बाजारात बोल्टची पारख रंगावरून होते: काळा तो हाय टेन्साइल, पांढरा तो साधा. हा समज एके काळी फारसा चुकीचा नव्हता, कारण उष्णोपचार केलेला बोल्ट बहुधा काळाच राहत असे. झिंकचा मुलामा सर्रास झाल्यावर रंग आणि ताकद यांचा संबंध तुटला. उलट १०.९ आणि विशेषतः १२.९ च्या टणक बोल्टवर विजेने मुलामा चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि तो भट्टीत तापवून वेळेवर काढला नाही तर आवळलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी आपोआप तडकू शकतो. चकचकीत दिसावा म्हणून स्टेनलेसचा बोल्ट निवडणाऱ्यांच्या बाबतीत दिशा उलटी असते. नेहमी मिळणाऱ्या ए२-७० स्टेनलेसची ताणशक्ती ७०० मेगापास्कल असते, पण तो ४५० वरच कायमचा लांबू लागतो, म्हणजे सस्पेन्शनसारख्या जागी तो ८.८ ची बरोबरी करू शकत नाही.

सैल होण्याबद्दलचे ज्ञान आणखी अलीकडचे आहे. आडव्या हादऱ्यांनी चाकी कशी आपोआप फिरते हे १९६९ साली जर्मनीत प्रयोगाने दाखवले गेले, आणि त्या कसोटीत स्प्रिंग वॉशरचा उपयोग जवळजवळ शून्य ठरला. गॅरेजमध्ये तो आजही प्रत्येक बोल्टखाली घातला जातो. सवयीपलीकडे त्याचे दुसरे कारण सापडत नाही.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या वाहनबांधणी स्पर्धा सुरू झाल्या आणि पुण्यातील कितीतरी महाविद्यालयांत हा विषय कार्यशाळेच्या फरशीवर आला. अशा स्पर्धांच्या नियमांत स्टीअरिंग, ब्रेक आणि सस्पेन्शन यांसाठी किमान मेट्रिक ८.८ किंवा अमेरिकी ग्रेड ५ असे दोन्ही पद्धतींचे नाव शेजारी शेजारी लिहिलेले असते, आणि लॉकनटच्या बाहेर किमान दोन पूर्ण आटे दिसावेत अशी अट असते. ‘हाय टेन्साइल’ हा शब्द तिथे पुरत नाही.

२०२३ साली केंद्र सरकारने बोल्ट, नट आणि फास्टनर यांच्यासाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. अशा आदेशाखाली येणाऱ्या वस्तूंना मानक चिन्हाशिवाय विकता येत नाही. लहान कारखानदारांवर पडणारा चाचणीचा खर्च आणि खास मापांच्या आयात मालाची अडचण हे अशा प्रत्येक आदेशाभोवतीचे नेहमीचे आक्षेप आहेत आणि ते निराधार म्हणता येणार नाहीत. मात्र मुंबईतील नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यातील नाना पेठेत बोल्ट अनेकदा खुल्या ट्रेमधून, कित्येकदा किलोवर विकले जातात. मानक चिन्ह, लॉट आणि पोलादाचा हीट नंबर (ते कोणत्या वितळीतले आहे हे सांगणारा क्रमांक) छापलेले लेबल पेटीवर असते, आणि पेटी दुकानातच राहते.