मदरबोर्डची पारख (ओव्हरक्लॉकिंग व विस्तार)

प्रोसेसर नेमून दिलेल्या गतीपेक्षा वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. हा ताण मदरबोर्ड (संगणकाचे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) किती सोसेल आणि पुढे त्यावर कार्डे, मेमरी, डिस्क किती बसतील, हे विकत घेण्याआधी जोखणे म्हणजे त्याची पारख. ती कशी करावी हे इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर आणि तैवानच्या अबिट कंपनीचा बीएच६ बोर्ड या १९९८ मधल्या जोडीवरून सर्वांत स्पष्ट कळते.

प्रोसेसरची गती म्हणजे बसची (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या मार्गाची) गती गुणिले गुणक, म्हणजे प्रोसेसरचा ठरलेला पटीचा आकडा. ३००ए चा गुणक ४.५ वर कायमचा बंद केलेला होता, म्हणून ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर तो ३०० ने चाले. वेग हवा तर बसच वाढवावी लागे. अडचण अशी, की पीसीआय (विस्तार कार्डांची जोडणी) आणि एजीपी (ग्राफिक्स कार्डाची जोडणी) यांची घड्याळे, म्हणजे त्यांची चालण्याची गती, याच बसला भागून मिळतात. आधीच्या ४४०एलएक्स चिपसेटच्या (बोर्डावरची वाहतूक सांभाळणाऱ्या चिपांच्या संचाच्या) काही बोर्डांवर बस ८३ पर्यंत नेता येई; पण पीसीआय तिच्या निम्म्यावर, म्हणजे ३३ ऐवजी ४१ च्या पुढे धावे आणि हार्ड डिस्कवरचा डेटा बिघडण्याची भीती असे. बीएच६ वरच्या ४४०बीएक्स चिपसेटला १०० मेगाहर्ट्झची बस अधिकृतपणे मान्य होती. तिथे पीसीआयला एक तृतीयांश आणि एजीपीला दोन तृतीयांश मिळे, म्हणजे पुन्हा ३३ आणि ६६. प्रोसेसर मात्र ४५० वर! म्हणजे ८३ च्या बसवर मिळणाऱ्या ३७५ पेक्षा ४५० ची गती बाकीच्या भागांना अधिक सुरक्षित होती. म्हणून कमाल बसगतीच्या आकड्याआधी भाजक, म्हणजे बसला कितीने भागले जाते ते, पाहावेत. याच चिपसेटवर बस १३३ केली, तर एजीपी ८९ वर जाते आणि ते प्रत्येक ग्राफिक्स कार्डाला झेपत नाही.

दुसरी कसोटी व्होल्टेजची. काही ३००ए नेहमीच्या २.० व्होल्टवर ४५० गाठत, काहींना थोडे जास्त लागे. बीएच६ मध्ये बस आणि व्होल्टेज दोन्ही बायोसमधूनच (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमधून) बदलता येत, जम्पर (बोर्डावरच्या पिना जोडणारी छोटी टोपणे) हलवावे लागत नसत. ज्या बोर्डांवर ही सोय नव्हती, तिथे लोक प्रोसेसरच्या बी२१ पिनवर चिकटपट्टी लावून बोर्डाकडून १०० ची बस मिळवत. जुना बोर्ड घेताना प्रोसेसरच्या सॉकेटजवळचे कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे छोटे भाग) फुगलेले नाहीत ना, हेही बघावे.

विस्तारात नुसते स्लॉट मोजून भागत नाही. कार्ड ज्यांवरून प्रोसेसरचे लक्ष वेधते, त्या पीसीआयच्या इंटरप्ट लाइन चारच. पाच स्लॉट असले की वाटणी आलीच. शेजारी असलेल्या पीसीआय आणि आयएसए (त्याहून जुन्या प्रकारच्या) स्लॉटची संगणकाच्या पेटीतली मागची खाच बऱ्याचदा एकच असते, त्यामुळे दोहोंपैकी एकच कार्ड बसते.

२०११ च्या सँडी ब्रिज या प्रोसेसर-पिढीपासून इंटेलच्या बोर्डांवर बहुतेक सगळी घड्याळे एकाच १०० मेगाहर्ट्झला बांधली गेली, त्यामुळे बस फारशी वाढवता येईना आणि गुणक खुला असलेले ‘के’ प्रोसेसर महत्त्वाचे ठरले. पी६७ चिपसेटवर त्यांचा गुणक वाढवता येई, एच६१ वर नाही. आताच्या अनेक बोर्डांवर एम.२ डिस्क (थेट बोर्डावर बसणारी छोटी पट्टीसारखी डिस्क) लावली की एखादे साटा पोर्ट (केबलने डिस्क जोडायची जागा) बंद पडते. ते कोणते, हे माहितीपुस्तिकेतल्या तळटीपेत सापडते.