घंटेची पोच

पाटण तालुक्यातील एका शाळेत मागच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरची घंटा बंद असल्याचे योगायोगानेच लक्षात आले. तिची तार उंदरांनी केव्हा कुरतडली हे कोणालाच सांगता येत नव्हते, कारण एरवी खालच्या व्हरांड्यातील घंटा वरपर्यंत ऐकू जात असे. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला आणि वरचे वर्ग मधल्या सुट्टीतही बसून राहिले, तेव्हा कुठे उलगडा झाला. बिघडलेली घंटा आणि न वाजवलेली घंटा यांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही, आणि धोक्याची सूचना देणाऱ्या कोणत्याही यंत्रणेचा खरा प्रश्न हाच आहे.

प्रत्येक वर्ग संगणकीय जाळ्याने जोडणारी सूचना यंत्रणा बसवण्याचा विषय निघाला, की पालक हमखास विचारतात : २०२३ मध्ये सरकारने सर्वांच्या मोबाइलवर मोठ्या आवाजात चाचणी-संदेश पाठवले होते, मग शाळेला वेगळा खर्च कशाला? पण मुलांजवळ वर्गात फोन नसतो, शिक्षकांचा बंद असतो, आणि प्रयोगशाळेत लागलेली आग मोबाइल मनोऱ्याला दिसत नाही. २००४ साली तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेच्या आगीत ९४ मुले गेली. तो धोका शाळेच्या आतच निर्माण झालेला होता.

सांगलीच्या पुराची गोष्ट वेगळी आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर गेली की धोका, एवढा अवधी तिथे मिळतो. भूकंप मात्र सेकंदांत मोजावा लागतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला झाला तसा धक्का शाळेच्या वेळेत बसला असे समजू. जमिनीला जोरात हलवणारे दुय्यम तरंग सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर वेगाने जातात, म्हणून सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवरच्या साताऱ्याला ते ११ सेकंदांत आणि १०५ किलोमीटरवरच्या सांगलीला ३० सेकंदांत पोहोचतील. त्यांच्या पुढे धावणाऱ्या, वेगवान पण सौम्य प्राथमिक तरंगांची उगमाजवळ नोंद करून रेडिओने सूचना पाठवता येते. जपानमध्ये अशी सूचना २००७ पासून सर्वसामान्य लोकांना दिली जाते. नोंदीत आणि निर्णयात पाच सेकंद गेले असे धरले, तर साताऱ्याच्या मुलांना जेमतेम सहा सेकंद उरतात. हे भाकीत नव्हे. धक्का बसून गेलेला असतो आणि फक्त त्याची बातमी त्याच्या पुढे धावते. अमुक तारखेला कोयनेत भूकंप होणार असे सांगणारे जे संदेश फिरतात, त्यांना कसलाही शास्त्रीय आधार नाही.

सहा सेकंदांत तार शाबूत आहे का, हे तपासत बसता येत नाही. ती तपासणी आधीच, आणि अखंड, होत राहिली पाहिजे.

अग्निसूचक यंत्रणांत यासाठी केलेली दोन तारांची योजना मला फार सुंदर वाटते. समजा, मुख्य पेटीतून २४ व्होल्टची दुहेरी तार सर्व वर्गांतून फिरवली आणि तिच्या अगदी शेवटच्या टोकाला ४,७०० ओहमचा रोधक (रेझिस्टर) जोडला. ओहमच्या नियमाप्रमाणे त्या तारेतून रात्रंदिवस सुमारे ५ मिलिअँपिअर विद्युतधारा वाहत राहते, आणि तीच सर्व ठीक असल्याची खूण ठरते. एखाद्या वर्गातले बटण दाबले की ४७० ओहमचा दुसरा रोधक समांतर जोडला जातो, धारा सुमारे ५६ मिलिअँपिअर होते आणि पेटी धोका ओळखते. उंदराने तार तोडली तर धारा शून्य होते, आणि पेटी त्याच क्षणी दोष दाखवते. येथे शून्यालाही अर्थ आहे. मात्र टोकाचा रोधक चढून बसवण्याचा कंटाळा करून काही जण तो मुख्य पेटीतच जोडून टाकतात. मग सगळी तार तुटली तरी पेटी खुशाल असते.

संगणकीय जाळ्यात हेच काम स्पंदन करते. प्रत्येक वर्गातला स्पीकर दर पाच सेकंदांनी ‘मी आहे’ एवढाच छोटा संदेश मुख्य संगणकाला पाठवतो. लागोपाठ तीन स्पंदने चुकली की त्या वर्गाच्या नावाने दोष नोंदवला जातो. येथे एक सूक्ष्म फसगत आहे. स्पंदन एका स्पीकरकडून एका संगणकाकडे जाते, तर धोक्याचा संदेश बहुधा मल्टिकास्ट पद्धतीने, म्हणजे एकदाच पाठवून स्विचने (जाळ्यातल्या तारा एकत्र जोडणाऱ्या पेटीने) त्याच्या प्रती सर्वांना वाटायच्या, अशा रीतीने जातो. कोणत्या तारेवर प्रत हवी याची यादी स्विच ठेवतो, आणि ‘अजून कोणाला हवी आहे?’ असे अधूनमधून विचारणारे उपकरण जाळ्यात नसेल, तर ती नावे काही मिनिटांनी यादीतून गळतात. मग स्पंदने सुरळीत येत राहतात, पण धोक्याचा संदेश वर्गात पोहोचतच नाही. म्हणून तपासणीचा संदेश धोक्याच्याच वाटेने पाठवावा आणि त्याची प्रत्येक स्पीकरकडून पोच घ्यावी. पोच देणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट चालू असून स्पीकरचा पडदा फाटलेला असू शकतो, यासाठी अगदी हलका सूर वाजवून तो मायक्रोफोनने ऐकणारी उपकरणेही असतात.

विजेचा बॅकअप संगणकाबरोबर प्रत्येक मजल्यावरच्या स्विचलाही हवा. भूकंपात बाकाखाली शिरायचे असते आणि आगीत बाहेर पडायचे असते, त्यामुळे एकच भोंगा चालणार नाही. मराठीतली ध्वनिमुद्रित सूचना हवी, आणि ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी लुकलुकणारा दिवा.

दोष दाखवणारा दिवा अनेकदा मुख्याध्यापकांच्या कुलूपबंद खोलीत बसवला जातो. माझ्या मते तो शिपाई बसतात त्या व्हरांड्यात असावा, आणि तो विझवण्याचे बटण नसावे. तार जोडली जाईपर्यंत तो लुकलुकत राहिला पाहिजे.