दुसऱ्यासाठी प्राण दिला की आपोआप हुतात्मा?

'दुसऱ्याला वाचवताना मेला, म्हणजे कॅथलिक चर्चच्या लेखी हुतात्माच' हा समज चुकीचा आहे. हुतात्मा ठरायला मारणाऱ्याच्या मनात श्रद्धेचा द्वेष असावा लागतो. साथीत रुग्णसेवा करताना गेलेल्याला कोण मारतो? म्हणून ११ जुलै २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संतपदाकडे नेणारा 'जीवनार्पण' हा वेगळा मार्ग खुला केला. मरण समोर दिसत असताना ते प्रेमापोटी, स्वेच्छेने पत्करलेले असावे. आधीचे जगणेही सद्गुणी असावे. शिवाय हुतात्म्याला 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करताना चमत्कार लागत नाही, इथे लागतो. आउशवित्झ या नाझी छळछावणीत दुसऱ्या कैद्याऐवजी उपासमारीच्या कोठडीत गेलेले फादर मॅक्सिमिलियन कोल्बेसुद्धा १९७१ मध्ये 'धन्य' झाले, ते हुतात्मा म्हणून नव्हे. तो मान त्यांना १९८२ मध्ये, संतपदाच्या वेळी मिळाला.