एन्झाइमच्या खोडी आणि जीन शोधायच्या टेस्ट

सॅम्पलमध्ये अमुक एक जीन आहे का, अमुक व्हायरस आहे का, हे आता काही तासांत कळतं, पण गंमत अशी की त्या टेस्टमधली बहुतेक एन्झाइम्स टेस्टसाठी म्हणून कुणी शोधलीच नव्हती. काही तर आधी नुसती डोकेदुखी होती.

१९५० च्या आसपास बॅक्टेरियाला लागणाऱ्या व्हायरसवर, म्हणजे फाजवर काम करणाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसायची. बॅक्टेरियाच्या एका स्ट्रेनमध्ये (म्हणजे एका पोटजातीत) मस्त वाढलेला फाज दुसऱ्या स्ट्रेनमध्ये टाकला की जवळजवळ वाढतच नाही. पुढं १९६० च्या दशकात जिनिव्हात वर्नर आर्बर यांनी उलगडा केला, की बॅक्टेरिया परक्या डीएनएचे तुकडे पाडतो आणि स्वतःच्या डीएनएवर मिथाइलची (एका छोट्या रासायनिक गटाची) खूण करून ठेवतो, म्हणजे स्वतःचंच घर कापलं जायला नको. मग जॉन्स हॉपकिन्समध्ये हॅमिल्टन स्मिथ यांच्या लॅबमध्ये हिमोफिलस नावाच्या बॅक्टेरियात फाजचा डीएनए घातला तर तो परत सापडेचना, आणि त्याचा माग काढता काढता १९७० मध्ये असं एन्झाइम हाती लागलं जे डीएनएच्या ए, टी, जी, सी या अक्षरांपैकी ठराविक सहा अक्षरांच्या जागीच कापतं. त्याच संस्थेतल्या डॅनियल नेथन्स यांनी ते वापरून एका व्हायरसचा अख्खा डीएनए तुकड्या-तुकड्यांनी मांडून दाखवला. १९७८ चं नोबेल या तिघांना.

आता जे एन्झाइम ठराविक अक्षरं दिसल्याशिवाय कापत नाही, ते एका अर्थी वाचतंच ना! सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात बीटा ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनच्या एका भागाच्या) जीनमधलं एकच अक्षर बदलतं, जी-ए-जी चं जी-टी-जी होतं. नॉर्मल जीनमध्ये तिथं सी-सी-टी-जी-ए-जी-जी अशी ओळ असते आणि एमएसटी-टू नावाचं एन्झाइम नेमकं तिथं कापतं. ए चा टी झाला की त्याला जागाच ओळखू येत नाही, मग साधारण ११५० आणि २०० बेसचे (म्हणजे अक्षरांचे) दोन तुकडे पडायच्या ऐवजी १३५० चा एकच लांब तुकडा राहतो. १९८२ मध्ये अशी थेट टेस्ट करून दाखवली गेली. तुकडे बघायला एडविन सदर्न यांची १९७५ ची ब्लॉटची पद्धत होतीच: जेलवर तुकडे वेगळे करा, मेम्ब्रेनवर उतरवा, रेडिओअ‍ॅक्टिव्ह प्रोब (हव्या त्या ओळीलाच चिकटणारा डीएनएचा तुकडा) लावा, फिल्म ठेवून वाट बघा. काम चोख, पण डीएनए भरपूर लागायचा आणि वेळ विचारूच नका.

डीएनएच्या कॉपी काढणारं पॉलिमरेज आर्थर कॉर्नबर्ग यांनी १९५० च्या दशकातच शोधलेलं होतं. कॅलिफोर्नियात सीटस कंपनीत कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये सुचलं की दोन बाजूंनी प्रायमर (जिथून कॉपी सुरू होते ते डीएनएचे छोटे तुकडे) लावून हेच परत परत केलं तर प्रत्येक सायकलला कॉपी दुप्पट, म्हणजे २० सायकलमध्ये निदान कागदावर तरी दहा लाख पट! सीटसच्याच टीमनं १९८५ मध्ये या पद्धतीचा, म्हणजे पीसीआरचा, जो पहिला पेपर छापला तो पण सिकल सेलवरच, आधी पीसीआर करायचं आणि मग कापणारं एन्झाइम लावायचं असा. अडचण एकच होती पण वैताग आणणारी: दोन धागे सुटे करायला ९५ डिग्रीला तापवलं की पॉलिमरेज मरायचं, म्हणून दर सायकलला ट्यूब उघडा, ताजं एन्झाइम घाला, ३७ डिग्रीला ठेवा, परत तापवा. शिवाय ३७ ला प्रायमर भलतीकडेच चिकटायचे ते वेगळंच.

उत्तर यलोस्टोनच्या गरम झऱ्यातून आलं. थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी तिथला थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा बॅक्टेरिया १९६९ मध्ये जगासमोर आणला, १९७६ मध्ये त्याचं पॉलिमरेज वेगळं काढलं गेलं आणि पीसीआरवाल्यांनी ते उचललं, १९८८ चा पेपर त्याचाच. तेच आपलं टॅक. एकदा घाला, झाकण लावा, मशीन चालू.

टॅकला अजून एक खोड आहे. कॉपी करताना वाटेत पुढं दुसरा तुकडा चिकटलेला दिसला की ते त्याला कुरतडत जातं. १९९१ मध्ये सीटसमधल्याच लोकांनी दाखवलं की ही खोडच सिग्नल म्हणून वापरता येते. पुढं प्रोबच्या एका टोकाला चमकणारा रंग आणि दुसरीकडं त्याला दाबून ठेवणारा क्वेंचर लावायला लागले: टॅकनं प्रोब कुरतडला की दोघं वेगळे होतात आणि ट्यूब चमकते. रिअल-टाइम पीसीआरमधलं टॅकमॅन ते हेच. आरएनए व्हायरस (ज्याचे जीन डीएनएऐवजी आरएनएवर असतात) असेल तर आधी १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी शोधलेलं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज लावून त्याचा डीएनए करून घ्यायचा.

क्रिस्पर या बॅक्टेरियाच्या बचाव-यंत्रणेची कथा पण याच वळणाची. बॅक्टेरियाची तीच फाजविरुद्धची लढाई, आणि त्यातल्या कॅस१३ या एन्झाइमची खोड अशी की आपला टार्गेट आरएनए सापडला की ते आसपासचा कुठलाही आरएनए सुद्धा कापत सुटतं. नेमका एकच आरएनए कापू पाहणाऱ्याला ही कटकट, पण २०१७ मध्ये फेंग झांग आणि जिम कॉलिन्स यांच्या टीमनं शेजारी चमकणारा रिपोर्टर आरएनए ठेवून त्याचीच टेस्ट केली, शेरलॉक नावाची. पुढच्या वर्षी जेनिफर डाउडना यांच्या टीमनं कॅस१२ वर तसलंच केलं, फक्त तिथं कापला जातो तो एकेरी डीएनए. पीसीआर मशीन लागत नाही, एकाच तापमानाला काम होतं. फक्त कॅस१३ वापरताना ग्लोव्हज घालाच, कारण तो रिपोर्टर आपल्या बोटांवरच्या आरएनएजनं (आरएनए कापणाऱ्या एन्झाइमनं) कापला गेला तरी ट्यूब तशीच चमकते.